फळ की भाजी? : आपल्या ताटातील एका जुन्या प्रश्नाचा मागोवा



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला. मंदिराचा जीर्णोद्धार, पूज्य साधू-साध्वीजींचे चातुर्मास, पाठशाळेची वाटचाल या विषयांवर अधिकारी मंडळी लिहीत आहेतच. मी आयुष्यभर हातात गज धरून कापड मोजलेला एक सामान्य व्यापारी. शास्त्राचा अभ्यास बेताचा, शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे. म्हणून जो विषय रोज आपल्या सर्वांच्या ताटात येतो आणि ज्यावरून एकदा माझ्या हातून एक चूक घडली, तोच विषय निवडला आहे. अमुक पदार्थ फळ की भाजी, हा तो विषय.

ट्रस्टची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम आठ-दहा वर्षे झाली असतील. चातुर्मास चालू होता. चतुर्दशीच्या दिवशी साधर्मिक वात्सल्याचा कार्यक्रम ठरला आणि स्वयंपाकघराची व्यवस्था आम्हा तरुणांकडे आली. मी नुकताच पदवीधर झालो होतो; वादात हरायचे नाही, असे ते वय. तिथीमुळे हरी वर्ज्य, म्हणून मूग, कढी, भात, पापड एवढाच बेत होता. तो मला फार साधा वाटला. मी कच्च्या केळ्यांची भाजी सुचविली. वडील मंडळींनी हरकत घेताच मी म्हणालो, "केळे हे फळ आहे, भाजी नव्हे. पिकलेले केळे आपल्यातील कितीतरी घरांत तिथीला चालते. मग तेच केळे आठ दिवस आधी का चालू नये?" या युक्तिवादाला चटकन कोणाला उत्तर देता आले नाही आणि भाजी झाली.

पंगत बसली. निम्म्या ज्येष्ठांनी भाजीच्या वाटीवर हात आडवा धरला. माझ्या नात्यातील एक वृद्ध काकीजी वर्षानुवर्षे तिथीला एकासणे करीत. त्यांनी मूग आणि भात एवढेच घेतले. कोणाला काही बोलल्या नाहीत. उठताना मात्र मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाळा, तू केळ्याला फळ म्हण नाहीतर भाजी म्हण, केळ्याला त्याचे काही नाही. मी ते का सोडले, एवढे मला ठाऊक आहे." मी हसून वेळ मारून नेली. पुढे त्या ट्रस्टच्या पंगतीला फारशा आल्या नाहीत. प्रकृतीचे कारण सांगत. परंतु खरे कारण मला ठाऊक होते.

काकीजी जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ शोधण्यासाठी मी पुढे जे थोडेबहुत वाचले, गुरुभगवंतांच्या मुखातून ऐकले आणि बाजारात पाहिले, ते या निमित्ताने मांडीत आहे.

आगमांनी काय विचारले?

फळ आणि भाजी अशी दोन खाती आपल्या आगमांनी उघडलेलीच नाहीत, ही पहिली गोष्ट वाचताना मला आश्चर्य वाटले. परंपरेने श्यामाचार्यांच्या नावे असलेल्या प्रज्ञापना सूत्राच्या पहिल्याच पदात वनस्पतीचा सविस्तर विचार आहे. तेथील एक महत्त्वाचा प्रश्न असा की, एका शरीरात एक जीव आहे की अनंत जीव आहेत? एक असेल तर ती प्रत्येक वनस्पती, अनंत असतील तर साधारण वनस्पती. साधारण वनस्पतीलाच आपण व्यवहारात अनंतकाय म्हणतो. बटाटा, कांदा, लसूण, मुळा, गाजर, ओले आले यांचा त्याग आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आला, त्याचे मूळ या विभागणीत आहे.

प्रत्येक वनस्पतीचे पुढे बारा भेद केले आहेत. वृक्ष, गुच्छ, गुल्म, लता, वल्ली, पर्वग, तृण, वलय, हरित, औषधी, जलरुह आणि कुहण असे ते होत. ज्यांच्या टीकांमुळे आगमांचे अध्ययन सुकर झाले, ते बाराव्या शतकातील आचार्य मलयगिरी यांची उदाहरणे देतात. वांगे गुच्छात येते. कोहळा, काकडी यांचे वेल वल्लीत येतात. ऊस पेरांचा असतो, म्हणून तो पर्वगात. तांदुळजा, चाकवत यांसारखा पाला हरितात. पीक आल्यावर जे रोप वाळून जाते, ते साळीसारखे धान्य औषधीत. भूछत्र कुहणात. आणि आपली केळ? तिला वृक्षांत स्थान नाही. तिच्या साली एकीभोवती एक कड्यासारख्या असतात, म्हणून ती केवड्याबरोबर वलयात बसते. आजचे वनस्पतिशास्त्रही केळीला झाड मानीत नाही. तिचे खोड म्हणून जे दिसते, ते पानांच्या देठांचे एकमेकांभोवती घट्ट बसलेले वेढे होत. रावेर-यावलचा कोणताही शेतकरी घड उतरविल्यावर केळ कापतो, तेव्हा हे वेढे उघड्या डोळ्यांनी दिसतात. आपल्या पूर्वाचार्यांनी ते किती बारकाईने पाहिले असतील, याचा विचार करून मन नम्र होते.

वृक्षांचे पुन्हा दोन प्रकार केले आहेत. ज्यांच्या फळात एक बी ते एकास्थिक, जसे आंबा, जांभूळ, कडुनिंब. ज्यांच्या फळात अनेक बिया ते बहुबीज, जसे कवठ, बेल, फणस, डाळिंब, उंबर, वड. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या यादीतील बहुबीज हा शब्द केवळ ओळख सांगणारा आहे. डाळिंब आणि उंबर तेथे शेजारी-शेजारी बसले आहेत, परंतु आपल्या ताटात डाळिंब येते आणि उंबर येत नाही. ओळख आणि निषेध ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांची गल्लत झाली की वाद सुरू होतो.

श्रावकांसाठी घातलेली मर्यादा

निषेधाचे खाते श्रावकाचाराच्या ग्रंथांत उघडले गेले. दिगंबर परंपरेत मद्य, मांस, मध आणि पाच उदुंबर फळे यांचा त्याग हे अष्ट मूलगुण मानले जातात. श्वेतांबर परंपरेतील बावीस अभक्ष्यांतही ही पाच फळे आहेत. वड, पिंपळ, उंबर आणि त्यांच्याच जातीची आणखी दोन. उंबर फोडून पाहिलेल्या कोणालाही याचे कारण सांगावे लागत नाही. आत चिलटे फिरताना दिसतात. म्हणजे 'फळ आहे, मग चालेल' हा माझा तरुणपणीचा युक्तिवाद आपल्या अगदी पहिल्या व्रतापाशीच कोसळतो. सर्वांत आधी ज्यांचा त्याग सांगितला, ती फळेच आहेत.

बावीस अभक्ष्यांत बहुबीज हा एक प्रकार असून त्याशिवाय वांगे वेगळ्या नावाने सांगितले आहे. तुच्छ फळ म्हणजे ज्यात खाण्याजोगे थोडे आणि टाकण्याजोगे फार, तेही वर्ज्य. आणि अज्ञात फळ, ज्याचे नाव-गाव आपणास ठाऊक नाही, तेही वर्ज्य. वंकचूलाची कथा आपण सर्वांनी पाठशाळेत ऐकली आहे. दरोडेखोरांच्या टोळीचा तो नायक. मुनिराजांकडून त्याने सहज पाळता येतील असे चार नियम घेतले, त्यांतला एक अनोळखी फळ न खाण्याचा. रानात भुकेने व्याकुळ झालेल्या साथीदारांनी सुंदर दिसणारी फळे खाल्ली आणि प्राणास मुकले. वंकचूलाने फळाचे नाव विचारले, ते कोणी सांगू शकले नाही, म्हणून तो वाचला.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपाळासाठी योगशास्त्र रचले. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात हा सर्व विचार गृहस्थाच्या दृष्टीने आला आहे. परंतु मला व्यापारी म्हणून सर्वांत भावले ते आचार्य समंतभद्रांचे रत्नकरंडक श्रावकाचारातील विवेचन. मुळा, ओले आले, लोणी, कडुनिंबाचा व केवड्याचा फुलोरा यांचा त्याग सांगताना त्यांनी दिलेले कारण जमा-खर्चाचे आहे. यांत लाभ थोडा आणि जीवांचा घात फार. तेथे 'फळ' हा शब्द आला आहे, तो खाण्याच्या फळासाठी नव्हे, लाभासाठी. कोणत्या सौद्यात पदरी काय पडते आणि दुसऱ्याचे काय जाते, हा हिशेब आचार्यांनी आपल्यापुढे ठेवला. वस्तूचे नाव काय, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच नाही.

मारवाडातून तापीकाठी

आता आपल्या खानदेशाकडे वळू. आपल्यातील बहुतेक घराणी मारवाड आणि गुजरातेतून येथे आली. १८१८ मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला. पुढे १८६० च्या दशकात रेल्वे आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवीमुळे येथील कापसाला अभूतपूर्व मागणी आली आणि जळगाव-धुळ्याच्या पेठा वाढल्या. सावकारी, कापूस, धान्य, कापड या व्यवसायांच्या मागोमाग आपले पूर्वज गावोगावी स्थिरावले.

त्यांनी आपल्याबरोबर तिथीचा नियम आणला. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी. कोणी पाच तिथी पाळी, कोणी दहा, कोणी बारा. त्या दिवशी हरी म्हणजे ओली भाजी नाही. मारवाडात हा नियम पाळणे तितके कठीण नव्हते. तेथे ओली भाजीच दुर्मिळ. केर, सांगरी, गवारीच्या शेंगा सुकवून वर्षभर ठेवायच्या. गट्टे, पापड, मुगोड्या तर घरच्याच. तापी, गिरणा, पांझरेच्या काठी चित्र उलट होते. येथे हिवाळ्यात भाजीच्या पाट्या दारात येत. धुळ्याच्या पाचकंदीलला किंवा जळगावच्या बाजारात सकाळी फेरी मारावी, तर मन मोहून जावे असा माल. म्हणजे वाळवंटात जो नियम सोयीचा होता, तो सुपीक भूमीत खऱ्या अर्थाने त्याग झाला. माझ्या मते आपल्या आजी-पणजींचे हे मोठे श्रेय आहे आणि ते कोणत्याही वहीत नोंदलेले नाही.

खानदेशाने त्यांच्यासमोर दोन परीक्षा ठेवल्या. एक वांगे, दुसरे केळे. योगायोग असा की जळगावचे भरीताचे वांगे आणि जळगावची केळी या दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि सरकारी वर्गवारीत दोघे शेतमालाच्या एकाच वर्गात बसले.

वांग्याविषयी बोलायचे तर बामणोद, भालोद, आसोदा या भागांतील मोठे हिरवट-पांढरे वांगे, काट्यांच्या जाळावर भाजलेले, हा येथील हिवाळ्याचा सोहळा. वडिलांबरोबर उधारी वसुलीला जात असताना यावल तालुक्यातील एका शेतकरी गिऱ्हाइकाने आम्हाला मळ्यात भरीताला बोलाविले. आम्ही वांगे खात नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी बांधाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा जाळ केला, नवे भांडे काढले आणि आमच्यासाठी दुधी भाजला. कांदा-लसणाचा हातही त्याला लागू दिला नाही. जेवताना त्यांनी हळूच विचारले, "शेठ, वांग्यात बिया म्हणून चालत नाही म्हणता. मग पेरूत बिया नाहीत का? टमाट्यात नाहीत का?" वडिलांनी प्रामाणिकपणे सांगितले, "भाऊ, तुमचे खरे आहे. आमच्यातही टमाटा न खाणारे आहेत." पुढे गुरुभगवंतांकडून समजले की, जेथे बियांमध्ये पडदा नसतो, त्या एकमेकींना चिकटून असतात, त्याला व्यवहारात बहुबीज म्हणतात. डाळिंबाचे दाणे पडद्यांनी वेगळे केलेले असतात, म्हणून ते या निषेधात येत नाही. टोमॅटो तर अमेरिका खंडातून आलेला. जुन्या ग्रंथकारांनी तो पाहिलाच नव्हता. म्हणून त्याविषयी घराघरांत मतभेद राहिले. माझ्या आजीने तो शेवटपर्यंत चुलीजवळ येऊ दिला नाही.

वांग्याचा त्याग केवळ आपलाच आहे, असेही नाही. आपले अनेक मराठी शेजारी आषाढात कांदेनवमी साजरी करून चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगे सोडतात आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांगे पुन्हा सुरू करतात. त्यागाच्या या शेजारधर्मामुळेच आपली व्रते या मातीला कधी परकी वाटली नाहीत.

मात्र उपवासाच्या बाबतीत दोन वाटा फुटतात. 'फराळ' हा शब्द 'फलाहार' यापासून आला. फलाहार म्हणजे फळांचा आहार. तरी शेजारच्या घरी एकादशीला बटाटा, रताळे आणि कंदापासून केलेला साबुदाणा चालतो. बटाटा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जमिनीखाली फुगलेले खोड, शेजाऱ्यांच्या उपवासात तो फलाहार, बाजारात भाजी, आणि आपल्याकडे अनंतकाय. एकाच वस्तूचे चार पत्ते! उलट भुईमूग जमिनीखाली येतो, तरी तो कंद नव्हे. वर फुललेल्या फुलाची आरी जमिनीत शिरून तयार झालेली ती शेंग. म्हणून जमिनीखालचे सारे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांतही शेंगदाणा बहुधा चालत आला. ओले आले वर्ज्य आणि सुंठ चालते, कारण आले आपोआप वाळते आणि त्यातील जीव राहत नाहीत, असे समजावले जाते. नाव तेच, अवस्था वेगळी.

अवस्थेचा हा प्रश्न केळ्याइतका दुसऱ्या कशातच तीव्र नाही. जळगावचे केळे मळ्यातून निघते ते कच्चे, हिरवे. सावदा, निंभोरा, रावेर येथून रेल्वेने दिल्लीकडे जाणारा मालही हिरवाच. ते पिवळे होते ते पिकवण्याच्या खोलीत. मग ते भाजीचे फळ कोणत्या स्टेशनावर होते? शिवाय कच्चे केळे आपल्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या जागी बसले आहे. जैन पावभाजी, जैन वडा, केळ्याचे वेफर्स, सर्व काही त्याच्यावर चालते. आणखी एक मौज. येथे केळीच्या लागवडीचे दोन हंगाम, मृगबाग आणि कांदेबाग. मारवाडातून नवी आलेली सून 'कांदेबागेची केळी' हे शब्द ऐकून घाबरली, तर तिला दोष देता येणार नाही. त्या बागेत आज कांदा शोधून सापडणार नाही. नावावर विसंबले की असे होते.

न्यायालयाच्या दारात

नावावरून भांडणारे केवळ आपणच नाही. अमेरिकेत १८८३ च्या जकात कायद्यानुसार आयात भाज्यांवर दहा टक्के जकात होती, फळांवर नव्हती. न्यूयॉर्कच्या निक्स नावाच्या व्यापाऱ्याने टोमॅटो हे फळ असल्याचा दावा केला आणि प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले. १८९३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने टोमॅटो वेलीचे फळ असेलही. परंतु लोक तो जेवणाबरोबर खातात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे. सबब जकातीसाठी तो भाजी. त्याच वर्षी, त्याच देशात, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी आचार्य आत्मारामजी महाराजांचे प्रतिनिधी म्हणून जैन धर्माची ओळख जगाला करून दिली. टोमॅटोला भाजी ठरविणाऱ्या त्या देशाने वनस्पतीत जीव मानणाऱ्या धर्माचा विचारही त्याच वर्षी ऐकला, हा योग मला मोठा बोलका वाटतो.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या शेजारच्या अकोल्यातील विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्यांचे प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात भाज्यांना करमाफी होती आणि विड्याच्या पानांची वेगळी नोंद करून त्यांनाही माफी होती. पुढे दुरुस्तीने पानांची नोंद वगळली गेली. व्यापारी म्हणाले, पान ही वनस्पतीच, म्हणून भाजी. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितले की, शब्दाचा अर्थ लोकव्यवहारातला घ्यावा. परसात पिकते आणि जेवणात वापरले जाते ती भाजी. विड्याचे पान त्यात येत नाही. पुढे बिहारच्या एका प्रकरणात ऊस ही हिरवी भाजी नव्हे, असे ठरले. नंतर ओरिसातील एका प्रकरणात मिरची व लिंबू भाजीत धरले गेले.

अकोल्याचा निकाल वाचताना मला आपले चौदा नियम आठवले. सचित्त, द्रव्य, विगई अशा क्रमाने आपण रोज जी मर्यादा बांधतो, तीत 'तंबोल' हा स्वतंत्र नियम आहे. कायद्याच्या परिशिष्टात जशी पानांची वेगळी नोंद होती, तशीच. परंतु तेथे आणि येथे एक मोठे अंतर आहे. न्यायालयाने पान भाजी नाही म्हटले, म्हणून त्यावर कर लागला. आपल्याकडे पान भाजी असो वा नसो, ते ओले आहे, सजीव आहे, म्हणून तिथीला ते विड्यात येत नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. आम्हा कापडवाल्यांना ५० ते ६३ ही प्रकरणे पाठ करावी लागली, तेव्हा उत्सुकतेने पहिली पानेही चाळली. सातव्या प्रकरणात भाज्या, आठव्यात फळे. टोमॅटो, काकडी, वांगे, भूछत्र सातव्यात. केळे मात्र कच्च्या भाजीच्या जातीसह आठव्यात! हिरवी मिरची सातव्यात, आणि तीच मिरची नंदुरबारच्या पथारीवर वाळून लाल झाली की नवव्यात, मसाल्यांत. सरकारी पुस्तक हातात घेऊन चाळीस वर्षांपूर्वीचा माझा वाद मी पुन्हा जिंकू शकलो असतो. केळे हे फळच आहे, यावर आता शासनाचे शिक्कामोर्तब आहे. परंतु ते पुस्तक काकीजींना दाखविण्याची मला लाज वाटली असती.

खरे तर आपल्या मराठी भाषेने हा तिढा केव्हाच सोडविला आहे. पालेभाजी, शेंगभाजी आणि फळभाजी. जे फळही आहे आणि भाजीही आहे, त्याला आपल्या आयाबहिणींनी एकच नाव दिले आणि त्या कामाला लागल्या.

हिशेबाचा शेवट

या सर्व वाचनातून मला एवढेच उमगले. वनस्पतिशास्त्र रोपाचा कोणता अवयव हे विचारते, कायदा कर किती हे विचारतो, स्वयंपाकघर कशाबरोबर खायचे हे विचारते. या तिघांची उत्तरे वेगळी येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. आपला धर्म चौथाच प्रश्न विचारतो. यात जीव किती आणि माझी आसक्ती किती? मी त्या चतुर्दशीला केळ्याचे नाव बदलून आसक्तीचा मार्ग मोकळा केला होता. उत्तर तर्काचे होते, प्रश्न संयमाचा होता.

त्या प्रसंगानंतर तत्कालीन विश्वस्तांनी एक साधा नियम केला. पर्वतिथीला ट्रस्टच्या स्वयंपाकघरात कोणतेही ताजे फळ वा भाजी, कच्ची वा पक्की, शिजणार नाही आणि वाढली जाणार नाही. ज्यांच्या घरी पिकलेले फळ चालते, त्यांनी ते घरी खुशाल घ्यावे; त्यांना कोणी उणे म्हणू नये. या नियमाने कोणत्याही पंथाचे वा घराचे मत खोटे ठरविले नाही. ज्याचा त्याग सर्वांत कठोर, त्यालाही आपल्या पंगतीत निश्चिंतपणे बसता यावे, एवढाच त्याचा हेतू होता. हा नियम चालू राहिला.

आता नवी भोजनशाळा उभी राहत आहे आणि नव्या पिढीची सूचना आहे की काळानुरूप हा नियम सैल करावा. त्यांची बाजू मी समजू शकतो. मी स्वतः ती मांडलेली आहे. त्यांच्यासमोर ब्रोकोली, ॲव्होकॅडो, ड्रॅगन फ्रूट अशी ग्रंथांत नसलेली फळे-भाज्या येतात आणि ते विचारतात, हे कशात धरायचे? जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने ड्रॅगन फ्रूटचे नाव 'कमलम' केले. नाव मंगल झाले, परंतु फळ तेच राहिले. त्यांनी वंकचूलाप्रमाणे आधी ओळख करून घ्यावी, मग समंतभद्राचार्यांचा हिशेब मांडावा, मग गुरुभगवंतांना विचारावे. घरी काय घ्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. पंगतीचा नियम मात्र तसाच ठेवावा, ही माझी नव्या विश्वस्त मंडळास हात जोडून विनंती आहे. एका भाजीने बेत थोडा बरा होतो, परंतु एक ज्येष्ठ श्राविका मुकाट्याने पंगतीतून उठली, तर तो तोटा पुढे कोणत्याही जमेने भरून निघत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या धंद्यात नवा नोकर आला की त्याला आधी शिकवतात, ताग्यावरचा छाप वाचून माल ओळखू नकोस, हात लावून ओळख. मला ही शिकवण दुकानात लवकर कळली, ताटावर फार उशिरा कळली. काकीजी ती शाळेत न जाताच शिकल्या होत्या.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, अथवा कोणाचे मन नकळत दुखावले असल्यास, विशेषतः त्या एका दिवगंत आत्म्याची, मनःपूर्वक क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.